पुसू नका, हलवू नका

अन्याय झाला तो एका एक्याऐंशी वर्षांच्या जपानी चित्रकार बाईंवर. या वर्षी, मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं ते अकरा पंचवीस या वेळात. ठिकाण लंडनच्या एजवेअरमधल्या एका जुन्या दुमजली घराचा वरचा फ्लॅट, मागची खोली, उत्तरेकडची भिंत. तेवढ्या वीस मिनिटांत एका माणसाने पाहून, मोजून, लिहून टाकलं की या बाईंच्या घरात ओल आहे ती त्यांच्या राहणीमुळे आहे.

हे पत्रक असतं तर याच्याखाली तीन मुद्दे आले असते आणि शेवटी ठळक अक्षरांत मागणी. पत्रकं लिहायला मी नागपुरात शिकले, हॉस्टेलच्या पाण्यासाठी भांडताना, आणि लंडनला आल्यावर भाडेकरूंच्या एका संघटनेत तेच काम हातात आलं. कागदाच्या एका बाजूला मावेल तेवढंच लिहायचं, असा माझा नियम आहे. ही गोष्ट एका बाजूला मावत नाही. त्या वीस मिनिटांच्या आधीचे अडीच महिने माझे आहेत, आणि ते कुठल्याही मुद्द्यात बसत नाहीत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी त्या रस्त्यावर दारोदार पत्रकं वाटत होते. लोक दार किलकिलं करतात, कागद घेतात आणि दार लावतात. काहीजण कागद घ्यायच्या आधीच लावतात. या बाईंनी दार पूर्ण उघडलं, पत्रक दोन्ही हातांनी घेतलं आणि तिथेच उंबऱ्यात उभं राहून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मी थंडीत पाय आपटत उभी. वाचून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

“हा लाल रंग कोणी निवडला?”

“मी.”

“सगळीकडे तोच आहे. माणूस एकाच आवाजात ओरडतोय असं वाटतं. आणि ही एवढी उद्गारचिन्हं कशाला? तुझा घरमालक बहिरा आहे का?”

“सगळेच घरमालक बहिरे असतात,” मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या. “ये. माझ्याकडे एक भिंत आहे. तुझ्या पत्रकातल्यासारखी.”

नाव विचारलं तर म्हणाल्या, “मादाम म्हण. फ्रान्समध्ये सगळे मादामच म्हणायचे. पुढे जायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. मलाही सवय झाली.” त्यांचं इंग्रजी फ्रेंचमधून चालत आल्यासारखं होतं, हळू आणि नीटनेटकं. मी तेव्हापासून मादामच म्हणत आले.

मागच्या खोलीत एक टेबल होतं, काचेच्या बाटल्यांत दगडांची पूड होती, हिरवी, निळी, विटकरी, आणि एका छोट्या विजेच्या शेगडीवर मातीचं भांडं. भांड्यातून वास येत होता तो मी लगेच ओळखला. आमच्या नागपूरच्या घरासमोर सुताराचं दुकान होतं, तिथे सरस वितळायला ठेवलेला असायचा. तोच वास. जनावराच्या कातड्याचा सरस, त्यात दगडाची पूड कालवायची आणि कागदावर पातळ थर द्यायचा, वाळला की पुन्हा. त्या क्योटोमध्ये हेच शिकल्या होत्या आणि चोविसाव्या वर्षी पॅरिसला गेल्या त्या हे विसरून तैलरंग शिकायला.

“मग विसरलात का नाही?”

“तैलरंग फार बोलतात,” त्या म्हणाल्या. “तुझ्या पत्रकासारखे.”

भिंत खरोखर वाईट होती. छताच्या कोपऱ्यातून काळी बुरशी खाली उतरली होती, भिंतीतल्या कपाटाच्या दारापर्यंत. हात लावला तर तळवा ओला. बाहेरच्या बाजूने पन्हाळीचा पाइप फुटलेला, पाणी विटांवरून खाली येत होतं. ते रस्त्यावरून दिसत होतं, मादामनी तीनदा कळवलंही होतं. मी फोन काढून फोटो घ्यायला लागले तेव्हा त्या माझ्या शेजारी येऊन भिंतीकडे बघत राहिल्या. “हा काळा नाही,” म्हणाल्या. “यात हिरवा आहे. हा रंग बाटलीत मिळत नाही.” मला तेव्हा त्यांचा राग आला. माणसाने स्वतःच्या भिंतीवर थोडं तरी चिडावं.

कपाटात लाकडी डबे होते. लांबट, हलके, एकावर एक रचलेले, प्रत्येकावर पेन्सिलीने साल. एकतीस डबे.

त्या डब्यांत काय आहे हे मला कळायला तीन चहा लागले. पॅरिसमध्ये एका गॅलरीवाल्याने मादामची चित्रं बघून विचारलं होतं, यात जपान कुठे आहे? मग टोकियोतल्या गॅलरीवाल्याला दाखवली तर तो म्हणाला, ही फ्रेंच चित्रं आहेत. पॅरिसवाल्याला हवे होते ते कागदी पंखे, चेरीच्या फुलांचे. मादामनी अकरा वर्षं पंखे रंगवले. सही कधी केली नाही. “फुलं मी डोळे मिटून काढायचे. त्याला डोळे लागत नाहीत.” नंतर त्या दक्षिणेकडच्या नदीकाठच्या एका लहान गावात राहायला गेल्या, शाळेतल्या मुलांना चित्रकला शिकवू लागल्या, तिथेच संगीत शिकवणाऱ्या एका इंग्रज माणसाशी लग्न केलं. आणि दरवर्षी ऑक्टोबरात त्या एक चित्र काढायच्या. एकच भिंत. गावातल्या बायका पूर्वी जिथे कपडे धुवायच्या त्या बंद पडलेल्या जागेची भिंत. गिलावा निघालेला, पाण्याच्या रेघा, शेवाळ, कोणीतरी खडूने लिहिलेलं नाव, पुढच्या वर्षी पुसट झालेलं तेच नाव. भिंतीवर जेवढं वर्षभरात बदललं तेवढं चित्रात बदलायचं. प्रत्येक चित्रासाठी नवऱ्याने एक डबा बनवला, हलक्या लाकडाचा, जपानहून मागवलेल्या नमुन्यावरून. एकतीस वर्षं, एकतीस चित्रं, एकतीस डबे. मग नवरा आजारी पडला, त्याला इंग्लंडमध्ये मरायचं होतं, म्हणून त्या इकडे आल्या. तो गेला. त्या राहिल्या. तिकडे परत जायला खोली उरली नव्हती.

या एकतीस चित्रांतलं एकही विकलं गेलं नाही, एकही कुठे लागलं नाही. मी विचारलं, “मग कोणासाठी काढलीत?” तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी चहाच्या कपात बघायला लागले.

पण गेल्या वर्षी त्या गावाच्या छोट्या संग्रहालयातून पत्र आलं होतं. कोणीतरी जुना विद्यार्थी आता तिथे काम करत होता, त्याला भिंत आठवली होती. भिंत पाडून झाली होती, तिथे गाड्या लावतात. गावाला आता ती भिंत हवी होती. ईस्टरनंतर तिथल्या एक बाई लंडनला येऊन सगळी चित्रं बघणार, आणि ठीक असतील तर एक पूर्ण खोली त्यांना देणार. एकतीस भिंती ओळीने. मादामनी ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं, एकदा फ्रेंचमध्ये, नुसता आवाज ऐकायला.

“म्हणून ही ओल आत्ताच जायला हवी,” त्या म्हणाल्या. “बुरशीला सरस फार आवडतो. तिचं जेवणच ते.”

एवढं स्वच्छ सांगितलं होतं त्यांनी मला. पहिल्या आठवड्यात.

मी भाडेकरार मागितला. आमच्याकडे तीच पद्धत आहे, आधी कागद. पहिल्या पानावरचं घरमालकाचं नाव मी दोनदा वाचलं. ते काका होते.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. बाबांचे कॉलेजातले मित्र. मी मास्टर्ससाठी आले तेव्हा हीथ्रोवर तेच उभे होते, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपीठं घेऊन. पहिले अकरा दिवस मी त्यांच्या घरी राहिले. बेसिंगस्टोकला ऑफिसला जायच्या आधी त्यांनी मला बस-ट्रेनचं ऑयस्टर कार्ड कसं टेकवायचं ते शिकवलं, काकूंनी त्यांचा जुना कोट दिला, तोच कोट घालून मी मादामच्या दारात पत्रक घेऊन उभी होते. हा फ्लॅट त्यांचा आहे हे मला माहीत नव्हतं. त्यांचं घर तिथून तीन रस्ते पलीकडे.

मला काय करायचं होतं ते सरळ होतं. फोन काढायचा आणि म्हणायचं, “काका, तुमच्या फ्लॅटची पन्हाळ फुटलीय, येऊन बघा.” बास.

मी ते केलं नाही. मला भीड पडली. मी, जी कौन्सिलच्या सभेत नगरसेवकाला खाली बसायला सांगते. मला वाटलं, त्यांना वाटेल आपलं खाल्लं आणि आपल्यावरच पत्रकं काढते. बाबांना फोन जाईल. काकू काही बोलणार नाहीत आणि ते जास्त वाईट होईल. म्हणून मी स्वतःला सांगितलं की व्यक्तिगत संबंध वापरणं चूक आहे, सगळं रीतसर झालं पाहिजे. फ्लॅट सांभाळणाऱ्या एजंटला पत्र, तपासणीची मागणी, तक्रार क्रमांक. हे सगळं बरोबरच होतं, हीच खरी अडचण आहे. भीड जेव्हा नियमाचे कपडे घालून येते तेव्हा तिला ओळखायला वेळ लागतो.

आमच्या पत्रकात एक चौकट आहे. ती मीच लिहिली. “तपासणीच्या आधी बुरशी पुसू नका. सामान हलवू नका. फोटो काढा, तारीख टाका.” आमचा अनुभव असा की लोक पाहुणे येणार म्हणून भिंत घासून ठेवतात, मग तपासणारा येतो आणि म्हणतो, कुठे आहे बुरशी? म्हणून ती चौकट.

मादामनी चौकटीवर बोट ठेवलं. “कपाटसुद्धा?”

“कपाटसुद्धा. मागच्या फळीवर काळं आलंय ना? डबे बाहेर काढले तर ते म्हणतील, रिकामं कपाट आहे, नुकसान कसलं?”

त्यांनी विचार केला. “हे लाकूड श्वास घेतं. तीन आठवडे सांभाळेल. तीन आठवड्यांत येईल तुझा माणूस?”

“नक्की,” मी म्हटलं.

मी हाउन्सलोला, विमानतळाजवळ, एका शेअर केलेल्या घरात राहते. माझी खोली विमानांच्या खाली आहे, पण कोरडी आहे. माझ्या पलंगाखाली काही नाही, एक सुटकेस सोडली तर. एकतीस डबे तिथे आरामात मावले असते. हे मला त्या दिवशी सुचलं नाही, असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. सुचलं होतं. पण मग पुरावा हलला असता.

संक्रांतीच्या आठवड्यात रविवारी काकांकडे जेवायला बोलावलं होतं. दार उघडताच काका ओरडले, “या, लीडर! आज कोणावर मोर्चा?”

“काकूंवर. लाडू कडक झालेत असं ऐकलंय.”

“चल, चावून तर बघ आधी,” आतून काकू म्हणाल्या. “दात पडला तर तुझ्या संघटनेत तक्रार कर.”

आम्ही जेवत होतो. गुळाच्या पोळीवर तूप होतं. काकांचा फोन टेबलावर ताटाच्या शेजारी होता आणि त्याची स्क्रीन उजळली. फोटो आला होता. मला उलटा दिसत होता तरी मी ओळखला, कारण तो मीच काढला होता. मीच मादामना सांगितलं होतं की दर रविवारी दुपारी घरमालकाला फोटो पाठवा, म्हणजे नोंद राहते.

काकांनी अंगठ्याने तो बाजूला सरकवला. “एक भाडेकरू आहेत आमच्या, म्हाताऱ्या. चांगल्या आहेत अगदी, पण फोटो पाठवतात सारखे. एजंटला सांगून ठेवलंय मी, तो बघतोय.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “तुमच्याकडे पण असंच असतं का गं? डॅम्प, मोल्ड?”

“असतं,” मी म्हटलं.

“लोक खिडक्याच उघडत नाहीत इथे. हीटिंग लावायचं आणि सगळं बंद करून बसायचं.”

मी दुसरी पोळी घेतली. तूप स्वतःच्या हाताने वाढून घेतलं. त्या क्षणाचं मला एवढंच सांगता येतं.

तपासणीची पहिली तारीख जानेवारीच्या शेवटी होती. आदल्या दिवशी ईमेल आला, माणूस आजारी. दुसरी तारीख फेब्रुवारीत. त्या दिवशी मी कामावरून सुट्टी घेऊन गेले, मादामनी टेबल आवरून ठेवलं होतं, आम्ही दोघी सकाळी आठ ते एक बसलो. कोणी आलं नाही. एजंटच्या ऑफिसात फोन केला तर एका मुलाने सांगितलं की सिस्टीममध्ये “प्रवेश मिळाला नाही” असं लिहिलंय. मी त्याच्यावर एवढी ओरडले की मादाम स्वयंपाकघरात निघून गेल्या.

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, “तीन आठवडे झाले. डबे काढू?”

“एकच आठवडा थांबा. आता तारीख पक्की करून घेते. आता काढले तर इतके दिवस थांबलो ते फुकट जाईल.”

त्यांनी मान हलवली. त्यांनी माझं पत्रक टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं, ती चौकट वर येईल असं. दिलेला शब्द पाळायचा ही त्यांची सवय होती आणि मी त्या सवयीचा वापर करत होते. कपाटाला त्या हात लावत नव्हत्या. दारावरची बुरशी खाली सरकत कडीपर्यंत आली होती. त्या तिच्या रेघा एका वहीत काढायच्या, तारखेसह. “फोटोपेक्षा बरं,” म्हणाल्या. “फोटोत तुझा लाल रंगच दिसतो.”

तो एक आठवडा वाढत वाढत मार्चपर्यंत गेला. मग तो मंगळवार आला.

सर्व्हेअर अकरा पाचला आला. तरुण होता, वागायला वाईट नव्हता, बूट पुसून आत आला. त्याच्याकडे भिंतीत टोचायचं एक यंत्र होतं, ते त्याने दोन ठिकाणी टोचलं. मी त्याला पन्हाळ दाखवली. तो म्हणाला, “बाहेरचं काम माझ्या यादीत नाही, आतलं आहे.” मग त्याची नजर शेगडीवर गेली. मातीच्या भांड्यात सरस होता, वाफ येत होती.

“हे रोज उकळता?”

“उकळत नाही,” मादाम म्हणाल्या. “उकळला तर मरतो. कोमट ठेवायचा. दोन तास.”

“दररोज दोन तास,” त्याने लिहिलं.

मी म्हटलं, “अहो, त्या वाटीभर सरसाने छतापासून बुरशी येते का? पाइप फुटलाय बाहेर!” त्याने मान डोलावली, समजतंय अशी, आणि लिहीत राहिला. मी म्हटलं, कपाट उघडून बघा, मागची फळी बघा. तो म्हणाला, “भाडेकरूंच्या वस्तूंना आम्ही हात लावत नाही.” मी म्हटलं, मी उघडते. तो घड्याळ बघत म्हणाला, “आत सामान आहे ना? मग भिंत दिसणार नाही. सामान हलवून ठेवायला हवं होतं.”

अकरा पंचवीसला तो गेला. जाताना त्याने मादामना एक छापील पान दिलं. ओल टाळण्याचे उपाय. चौथा उपाय, बुरशी दिसताच पुसून काढा.

जिना उतरल्याचा आवाज थांबेपर्यंत आम्ही तशाच उभ्या होतो. मग मादामनी कपाट उघडलं. लाकूड फुगलं होतं, वरचा डबा ओढताना किंचाळला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, हात धुतले, पुसले, झाकण काढलं आणि गुंडाळी एक वीत उघडली. एवढंच. मला वाटलं रंग ठीक आहे, कारण रंग दिसत होता. मग त्यांनी कागद जरा कलता केला आणि भिंत खाली ओघळली. पूड होऊन. सरस खाल्ला गेला होता, दगडाची पूड धरून ठेवायला काही उरलं नव्हतं. टेबलावर विटकरी, राखी आणि थोडं हिरवं पडलं. कागदावर राहिली ती केसाळ, करडी बुरशी.

त्यांनी पुन्हा गुंडाळलं. झाकण लावलं. दुसरा डबा उघडला. मी म्हटलं, “मादाम, थांबा.” त्या थांबल्या नाहीत. एकतीस डबे उघडायला दुपारचे तीन वाजले. खालच्या रांगेतले, भिंतीपासून दूर होते ते, चार बऱ्या अवस्थेत होते. बाकी सत्तावीस असेच.

त्या माझ्यावर ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला काही करायला मिळालं असतं. त्यांनी एका मोराच्या पिसाने टेबलावरची पूड गोळा केली आणि जॅमच्या रिकाम्या बरणीत भरली. “दळून पुन्हा वापरता येते,” म्हणाल्या. मग बरणी उजेडात धरून बघितली. सगळे रंग मिसळले होते. “नाही येत,” म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी काकांना फोन केला. अडीच महिन्यांनी. काका ऑफिसातून थेट आले, टाय न काढता. बाहेर उभं राहून त्यांनी पन्हाळीकडे बघितलं, आत येऊन डबे बघितले, आणि खुर्चीवर बसले.

“तू यांना ओळखतेस? कधीपासून?”

“जानेवारीपासून.”

“आणि आमच्याकडे जेवायला आलीस तेव्हा?”

मी टेबलावरचं एक झाकण उचलून डब्यावर बसवलं.

“अगं, मग मला एक फोन करायचास ना बाळा! तीन रस्त्यांवर राहतो मी. त्याच दिवशी येऊन डबे उचलले असते. माझं गॅरेज रिकामं पडलंय.”

“फोटो येत होते तुम्हाला काका. दर रविवारी.”

“फोटोत डबे होते का?” त्यांनी फोन काढला, फोटो एकेक करून सरकवत गेले. “बघ. आहेत का? नुसतं काळं. काय समजायचं मी?”

नव्हते. मी फोटो तसेच काढले होते. पत्रकासाठी फोटो असाच काढतात, जवळ जाऊन, चौकट बुरशीने भरेल असा. आजूबाजूचं घर, टेबल, माणूस, काही येऊ द्यायचं नाही, लक्ष विचलित होतं. एकाही फोटोत कपाटाचं उघडं दार नव्हतं.

पण मी काकांनाही सोडणार नाही. दहा फोटो. नुसतं काळं दिसलं म्हणून काय झालं? ते त्यांच्याच भिंतीचं काळं होतं. माझ्यासाठी थालीपीठं घेऊन विमानतळावर उभा राहणारा माणूस तीन रस्ते चालून आला नाही, कारण मध्ये एजंट होता. एजंटला वाटलं सर्व्हेअर बघेल. सर्व्हेअरला वाटलं बाहेरचं दुसरा बघेल. आणि मला वाटलं पद्धत बघेल.

मादाम काकांसाठी चहा घेऊन आल्या. काकांना उठून उभं राहावंसं वाटलं आणि बसून राहावंसंही, ते अर्धवट उठलेले राहिले. “सॉरी,” म्हणाले. “आय ऍम व्हेरी सॉरी, मॅडम.” त्या म्हणाल्या, “मादाम.”

पन्हाळ त्याच आठवड्यात दुरुस्त झाली. एका सकाळचं काम होतं. काकांनी रंगारी पाठवला, त्याने भिंत खरवडून पांढरी केली. आता खोली कोरडी आहे.

सर्व्हेअरचा रिपोर्ट नंतर आला. त्यात दोन वाक्यं आहेत जी मला पाठ आहेत. भाडेकरू खोलीत दररोज दीर्घकाळ द्रव तापवतात. भाडेकरूंनी बुरशी नियमित पुसलेली दिसत नाही. मी तक्रार केली, उत्तर आलं की तपासणी स्वतंत्र होती. काकांनी एजंटला फोन केला, एजंट म्हणाला रिपोर्ट सिस्टीममध्ये गेला, बदलता येत नाही, पण दुरुस्ती झालीच आहे तर आता काय फरक पडतो? काका मला म्हणाले, “खरंच गं, आता काय फरक पडतो?”

फरक हा पडतो की मादामनी सरस तापवणं बंद केलं आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय म्हणून. मी हजारदा सांगितलं, तो कागद चुकीचा आहे, फाडून टाका. त्या म्हणतात, घर दुसऱ्याचं आहे, कागदावर लिहिलेलं आहे. पूर्वी माझ्या कागदावर लिहिलेलं पाळलं, आता सर्व्हेअरच्या. बाटल्या टेबलावर तशाच आहेत, निळी, हिरवी. भांडं उपडं ठेवलंय.

ईस्टरनंतर गावाहून संग्रहालयाच्या बाई आल्या. चारही चित्रं त्यांनी हातमोजे घालून बघितली, बराच वेळ. मग फ्रेंचमध्ये दोघी बोलल्या, मला कळलं नाही. त्या चार चित्रं घेऊन गेल्या. खोली मिळणार नाही, जिन्याजवळची एक भिंत मिळेल. जाताना त्यांनी त्या बरणीकडे बोट करून काहीतरी विचारलं आणि मादामनी नाही म्हणून मान हलवली.

संघटनेच्या बैठकीत मी ती चौकट काढून टाकायचा ठराव मांडला. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एकाने म्हटलं की कायद्याने सल्ला योग्यच आहे, एका केसवरून बदलता येणार नाही, आणि पत्रकं छापून झालीत. ठराव पडला. आता मी वाटायला निघते तेव्हा आधी बसमध्ये बसून प्रत्येक पत्रकावरचं “सामान हलवू नका” पेनाने खोडते. हाउन्सलोपासून एजवेअरला पोचेपर्यंत बरीच होतात, सगळी होत नाहीत. उरलेली तशीच वाटते.

मी मादामकडे दर शनिवारी जाते. आम्ही चहा पितो. त्या माझ्या नव्या पत्रकांतली उद्गारचिन्हं मोजतात. मी त्यांना विचारायला गेले होते की ही गोष्ट लिहू का. म्हणाल्या, “लिही. पण लाल नको.”

म्हणून हे काळ्या शाईत. हे वाचणाऱ्या लंडनमधल्या मराठी माणसांपैकी कितीतरी जणांनी इथे स्वतःचा एखादा फ्लॅट भाड्याने दिलेला असणार, मला माहीत आहे, तुमच्या घरी मी जेवलेली आहे. तुमचा फोन आत्ता हाताशी आहे. भाडेकरूचा शेवटचा मेसेज उघडा. तो एजंटला पुढे पाठवू नका, उत्तरादाखल हृदयाचं चिन्ह दाबू नका, अंगठ्याचं दाबू नका. किल्ली घ्या आणि तिथे जा. भिंतीला हात लावा. मग कपाट उघडायला सांगा, आत काय आहे ते विचारा, आणि ते सुकं कुठे ठेवता येईल हे ठरल्याशिवाय परत येऊ नका. आज जा.